खड्ड्याच्या वाटणीचं पाणी

मला अक्षर येतं ते एकच. रा. राहीबाईतलं रा. ते बी लीलाबाई शिष्टरनं शिकवलं, न्हाईतर माजा अंगठा काय वाईट हुता? अंगठा उठवताना शाई लागती, म्होरं कुणीतरी बसल्यालं असतं, त्यो आपल्या तोंडाकडं बघत असतो. रा लिवायला कुणी लागत न्हाई. भिंतीला वही टांगल्याली, सुतळीला पेन्सिल बांधल्याली, जाता-येता लिवलं की झालं.

आमचा दवाखाना विट्याच्या पलीकडं, माणदेशाच्या अंगाला. बारा खाटा, एक डॉक्टर, एक शिष्टर आन् मी आया. मालक वारल्यावर दोन पोरी घिऊन मी तितं आले, मागली एक खोली मला ऱ्हायला दिली. तोंडाची मी पयल्यापासनं फटकळ. डॉक्टर बी मला जरा दबकून असायचे. लीलाबाई साताऱ्याच्या, तिशीच्या, लगीन न केल्याल्या. त्या तेवढ्या मला भीत न्हवत्या. दुपारच्याला काम नसलं की म्हणायच्या, या राहीबाई, बसा, आज तुमचं नाव लिहू. सहा महिनं घासलं तरी माज्या हातनं रा-च्या म्होरं गाडी गेली न्हाई. त्या हसायच्या. "तुमचा काना बघा, प्यायल्यासारखा झुकलाय," म्हणायच्या.

एक्काहत्तर साली मुंबईच्या कुणी दानशूरानं आमाला सक्शनचं मशीन दिलं. जन्मल्याल्या लेकराच्या घशात चिकटा अडकला तर ओढून काढायचं मशीन. हिरव्या पत्र्याचं, आत मोटर, चालू केलं की जात्यावानी घरघर करून थरथरायचं. ते आलं आन् त्येच्यामागनं रसूलभाई आला. रसूलभाई कुंडलचा. पलटणीत वायरिंगची कामं करून पेन्शनीत आल्याला, लायसनवाला वायरमन. डॉक्टरांना त्येनं पयल्याच दिशी सांगितलं, अर्थिंग केल्याबिगर मी ह्या मशीनला वीज जोडणार न्हाई. डॉक्टर म्हणाले, बल्ब तर नीट लागत्यात की. ह्यो म्हणाला, बल्बाला कोण कवळा मारत न्हाई साहेब.

मंग बाळंतिणीच्या खोलीमागं त्येनं पुरुषभर खोल खड्डा काढला. तळाला तांब्याची प्लेट उभी केली. तिच्या भवतीनं कोळसा आन् मीठ, थरावर थर. मधी एक नळी, नळीच्या तोंडाला नरसाळं, वरनं शिमिटाचं झाकण. आमी बाया बघून हसलो. कुणाचं मढं पुरतुयास रं बाबा, असं मीच इचारलं. ते आठवलं की आता माजी जीभ हासडावी वाटती.

खड्ड्यात पाणी घालायचं काम माज्याकडं आलं, म्हणून त्येनं मला बसवून समजावलं. मशीनच्या आत कुटं तार सोलली तर वीज पत्र्यात उतरती. पत्र्यापासनं खड्ड्यातल्या प्लेटीपतुर त्येनं तांब्याची तार नेल्याली. खड्ड्यातली माती वली असंल तर वीज त्या वाटंनं भुईत जाती, फ्यूज उडतो, मशीन बंद पडतं, माणूस वाचतं. माती वाळली की वाट बुजली. मंग वीज पत्र्यातच दबा धरून बसती, आन् जे कोण हात लावंल त्येच्या अंगातनं भुईत जाती. "अक्का," त्यो म्हणाला, "ह्यो खड्डा बी तुमचा एक पेशंटच समजा. त्येला तहानेला ठिवू नगा."

रोज दोन घागरी पाणी, आठवड्याला मूठभर खडं मीठ. त्येनं वही आणून रेघा मारल्या. पाणी घातलं की त्या दिसाच्या घरात रा काढायचं. दर गुरुवारी एस्टीनं यायचा, झाकण उचलून बघायचा, वही बघायचा, सगळ्या पिना-तारा हातानं चाचपायचा. सहा महिन्यांनी एक मीटर आणायचा, साखर कारखान्यातल्या दोस्ताकडनं मागून. त्यो लावला की खड्ड्याची वाट उघडी हाय का बुजली, ते काटा सांगायचा. दीड वर्सं म्या एक दिवस चुकवला न्हाई. ताप आला तवा पोरीला पाठवलं, पर चुकवला न्हाई.

मंग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. आदल्या साली पाऊसच न्हवता. इहिरींचं तळ उघडं पडलं, गाव सगळं सडकंच्या कामावर खडी फोडाय लागलं. सरकारी सुकडी खायची, अमेरिकंच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खायच्या. पाण्याचा टँकर दोन दिसाआड. त्यो पयला दवाखान्याची टाकी भरायचा, मंग गावात जायचा, आन् गावात पोचंपतुर निम्मा मोकळा झाल्याला असायचा. टाकीची किल्ली माज्या कमरंला. तारंच्या कुंपणापल्याड बाया घागरी घिऊन बसल्याल्या असायच्या, तासनतास, न बोलता. त्यांच्या म्होरनं मी दोन घागरी भरून न्यायची आन् खड्ड्यात वतायची. गडाग गडाग आवाज व्हायचा. त्यो आवाज त्यांना ऐकाय जायचा.

मनुबाई आमच्याच गल्लीतली. नवरा पलटणीत, नागालँडच्या अंगाला. पोटुशी, सातवा लागल्याला, तरी खडीवर जायची. पाडव्याच्या दिशी ती कुंपणाला आली. ओठ फुटल्यालं, हातात रिकामी कळशी. घरात गुढीवर शिपडायला बी पाणी न्हाई म्हणाली. मी म्हणलं, बाई, ह्ये दवाखान्याचं हाय, माज्या बाचं न्हाई. तवा ती म्हणाली, "मावशी, त्या खड्ड्याच्या वाटणीचं मला द्या. खड्डा काय बोंब मारणार हाय?"

दिलं म्या. एक घागर तिला, दुसरी कुंपणापल्याडच्या बायांना. एक दिवस दिलं की दुसऱ्या दिशी न्हाई कसं म्हणायचं? जित्या पोटातल्या लेकराला पाणी न्हाई आन् मी कोळशाला पाजू? डॉक्टरांना इचारलं असतं तर त्ये न्हाई म्हणलं असतं, म्हणून इचारलं न्हाई. आता बी कुणी मला तोंडावर इचारलं तर मी सांगीन, पाणी दिलं त्यात म्या वंगाळ केलं न्हाई.

वंगाळ केलं ते पेन्सिलीनं. घर मोकळं ठिवलं असतं तर रसूलभाईनं इचारलं असतं, भांडला असता, टँकरवाल्याच्या पाया पडून दोन घागरी जादा आणल्या असत्या. मशीनची पिन काढून ठिवली असती. पर मला भ्या वाटलं. किल्ली काढून घेत्याल, खोली सोडायला लावत्याल, पोरींना घिऊन जाऊ कुटं? म्हणून रोज सकाळी जाता-जाता रा काढलं. आन् त्याच्यावर कडी म्हंजी गुरुवारी, एस्टी यायच्या आदी, नळीच्या तोंडाला एक घागर वतायची. रसूलभाई झाकण उचलायचा, वलं दिसायचं, मिठाचा वास यायचा, खूश व्हायचा. येवढी अक्कल मला कुटनं सुचली देव जाणं.

मीटर चैतात आणायचा हुता. कारखान्यातल्या दोस्ताची बदली झाली, मीटर काय मिळंना. म्या मनात म्हणलं, बरं झालं. रसूलभाई म्हणाला, "वही हाय न्हवं. अक्काचं रा म्हंजी सरकारी शिक्का." म्या मान खाली घालून फरशी पुसाय लागले.

वैशाखातला सोमवार. दुपारी मनुबाईला कळा सुटल्या, दिवस भरायच्या आदीच. बाळंतिणीच्या खोलीत चप्पल न्यायची न्हाई ह्यो डॉक्टरांचा नेम, म्हणून आमी सगळी अनवाणी. भुई वली झाल्याली. पोरगी झाली, पर रडंना. निळी पडाय लागली. डॉक्टरांनी उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या, तरी आवाज न्हाई. घशात चिकटा हुता. लीलाबाई मशीनकडं धावल्या, बटण दाबलं. मशीन घरघरून थरथराय लागलं, फरशीवर सरकाय लागलं. त्यांनी ते एका हातानं दाबून धरलं.

त्या वरडल्या न्हाईत. लोकांना वाटतं, शॉक बसला की माणूस वरडतं. त्यांचं तोंड नुस्तं उघडं पडलं आन् हात पत्र्याला चिकटला. डॉक्टर धरायला निघालं, म्या त्यांना ढकललं. रसूलभाईनं शिकवल्यालं, धरायचं न्हाई, लाकूड घ्या. झाडणीच्या दांड्यानं बटण पाडलं. लय येळ न्हाई लागला. पर जेवढा लागला तेवढा पुरला. लीलाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या, आन् बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर त्यांची छाती दाबत हुतं आन् लेकरू माज्या हातात. म्या रबरी नळी तोंडात धरली, दुसरं टोक पोरीच्या घशात, जेवढं ओढता आलं तेवढं ओढलं. पोरगी रडली. त्या खोलीत ती एकटीच रडत हुती.

साताऱ्यासनं लीलाबाईंची आई आली. म्हातारी, वाळल्याली. लेकीची ट्रंक घिऊन जाताना मला म्हणाली, लीला पत्रात तुमचं लय लिहायची. मला एक लुगडं दिलं. त्ये म्या अजून नेसले न्हाई.

आठ दिसांनी सांगलीहून विजंच्या खात्याचा साहेब आला. मीटर घिऊन आला. खड्ड्याला लावला, काटा बघितला, आन् डोळं बारीक करून परत बघितला. वाट बुजली हुती. गावात तवर बोलणं चालूच हुतं, वायरमननं तांबं इकलं आन् पत्रा पुरला. रसूलभाई स्वता म्हणाला, साहेब, खणा. खणलं. दवाखान्यातली सगळी माणसं भवती उभी. प्लेट निघाली, तांब्याची, जाड, घातली तशीच. रसूलभाईनं तिच्या भवतीची मूठभर माती उचलली आन् बोटं उघडली. ती वाऱ्यावर उडाली.

"साहेब, ही राख हाय नुस्ती," त्यो म्हणाला. "ह्या मातीला महिना-दीड महिना पाणी लागल्यालं न्हाई."

साहेबानं वही उघडली. त्या सोमवारपतुरची घरं भरल्याली, एक बी मोकळं न्हाई. मला म्होरं बोलावलं. "बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

व्हय म्हणलं.

रसूलभाईनं माज्याकडं बघितलं. त्येला सगळं उमगलं हुतं. गुरुवारचं वलं तोंड, मिठाचा वास, सगळं. एरवी अक्का म्हणायचा. त्या दिशी म्हणाला, "राहीबाई, तुमी सांगा. रोज पाणी घातलंसा?"

मनुबाई खिडकीत हुती, लेक छातीशी धरून. तिला ठावं हुतं, ती खाली बघत ऱ्हायली. माज्या दोन पोरी खोलीच्या उंबऱ्यात उभ्या हुत्या.

"रोज घातलं," म्या सांगितलं. "वहीत हाय की."

साहेब काय करंल? त्येच्या म्होरं कागद हुता. त्येनं लिवलं, कोळसा-मीठ नियमापरमाणं भरल्यालं न्हाई, पाणी प्लेटीपतुर पोचत न्हवतं, काम दोषी. रसूलभाईचं लायसन रद्द झालं. तांबं सापडल्यावर गाव म्हणाय लागलं, कोळसा खाल्ला. जाताना त्येनं वहीच्या जागी भिंतीतला खिळा तेवढा बघितला. वही साहेबानं नेली हुती. आन् मी करून सवरून नामानिराळी.

दुष्काळ सरला. नवा वायरमन आला, नवा खड्डा झाला, नवी वही. म्या रोज तीन घागरी घालाय लागले, कुणी सांगितलं नसताना. घातलं की बोट घालून बघायची, वलं हाय का. खाई त्याला खवखवे म्हणत्यात ते खोटं न्हाई, पर चार वर्सं माजी खवखव गिळून बसले. मनाला सांगायची, पोरींची लग्नं होऊंद्यात, मंग जाते. सत्त्याहत्तरच्या माघात धाकटीचं लगीन झालं. बहाणा सरला.

कुंडलला गेले. रसूलभाईचं घर इचारत गेले. दारात दिलशाद हुती, त्येची बायको. कोण म्हणून इचारायच्या आदी तिनं पाण्याचा तांब्या म्होरं केला. आपल्याकडं दारात आलेल्याला कोण बी देतं, पर मी त्यो तसाच हातात धरून बसले. रसूलभाई पडवीत इहिरीवरच्या मोटरला तार गुंडाळत बसला हुता. लायसन न्हाई, म्हणून मलकापूरच्या एका दुकानाच्या नावावर काम करायचा. केस पांढरं झालं हुतं. म्या बसले आन् सांगाय लागले. त्यो तोंडानं तारंचं येढं मोजत हुता. मोजायचा थांबला न्हाई. मी सांगून संपले, तवा त्येनं तारंला गाठ मारली.

"मला ठावं हुतं," म्हणाला.

मंग तवा का बोलला न्हाईसा, म्या इचारलं. त्यो म्हणाला, वहीत तुमचं अक्षर आन् माजं नुस्तं तोंड, कोण ऐकणार हुतं? मंग म्हणाला, गुन्हा माजा बी हाय. मीटर मिळंना तर मशीनला कुलूप घालायला पायजे हुतं. वहीनं माती वली हुत न्हाई, ह्ये मी दुसऱ्याला शिकवायचा, आन् मीच वहीवर इसंबलो. दिलशाद दारात उभी ऱ्हाऊन ऐकत हुती. तिनं माज्या हातातला तांब्या काढून घेतला. तिची चूक न्हाई.

खरं सांगते, मला वाटलं हुतं त्यो म्हणंल, जाऊंद्या अक्का, झालं गेलं. तेवढ्यासाठीच गेले हुते मी. चार वर्सांचं वझं त्येच्या दारात उतरून मोकळ्या डोस्क्यानं परत यायचं, असा माजा हिशेब. त्येनं सदरा घातला, पायात चपला सरकवल्या.

"उठा," म्हणाला. "अकराची एस्टी हाय. सांगलीला, विश्रामबागच्या विजंच्या हापिसात जाऊ."

एस्टीत त्यो म्होरच्या बाकावर बसला, मी मागं. हापिसात साहेब दुसरा हुता, चष्म्याचा, तरणा. त्येनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, जबाब लिहून घेतो, वर पाठवतो, लायसनचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुमच्या नोकरीचंही सांगू शकत नाही. मंग शिपायाकडनं जुनी फाईल मागवली. धुरळा झटकून शिपायानं ती मेजावर ठिवली. आत माजी वही हुती, सुतळीसकट.

"बाई," साहेब म्हणाला, "यातलं खोटं कुठलं, तेवढं खोडून दाखवा." आन् लाल पेन्सिल माज्या हातात दिली.

म्या पाडव्याचं पान काढलं. समदी रा सारखीच. खऱ्याला शेपूट न्हाई का खोट्याला शिंग न्हाई. गुरुवार तेवढं सोडायचं, बाकी खोडायचं. रसूलभाई बाजूला उभा ऱ्हाऊन वार सांगत हुता. पाडव्याचा बुधवार खोडला. गुरुवार सोडला. शुक्रवार, शनिवार, आइतवार. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत हुता. साहेब मोजत हुता. चौतीस झाली.

शेवटचं घर आलं. सोमवारचं. त्या दिशी सकाळी मी ते काढत हुते तवा लीलाबाई माज्यामागं येऊन उभ्या ऱ्हायल्या हुत्या. मला वाटलं, घागरी रिकाम्या बघितल्या ह्यांनी. त्यांचं ध्यान वहीकडं हुतं. माज्या खांद्यावर हात ठिवून म्हणाल्या, "वा राहीबाई, आज काना अगदी सरळ आला हो." आन् खरंच त्यो सरळ हुता. वहीतला येवढा एकच सरळ हुता. मी अजून बी तसा काढू शकत न्हाई.

पेन्सिल उचलंना. साहेब म्हणाला, झालं का? तवा रसूलभाईनं वाकून त्या घरावर बोट ठिवलं.

"हे बी, अक्का," त्यो म्हणाला.

म्या खोडलं.